पहिलं घर घेताय? सॅम्पल फ्लॅट बघायला जायच्या आधी एवढं करून ठेवा

आधी एक शीट उघडा आणि ज्या दोन-तीन एरियांवर मन अडकलंय ते शेजारी शेजारी मांडा, पण नुसता स्क्वेअर फुटाचा रेट टाकून थांबू नका, तिथेच गंडतो आपण. आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहत होतो आणि बदलापूर घ्यायचं का नोकरी बदलून सरळ पुण्याला मोशीत जायचं यावर वर्षभर काथ्याकूट केला. दोन्हीकडचे रेट तोंडपाठ होते पण रजिस्ट्रेशनच्या दिवशी आपल्या खिशातून नक्की किती जाणार हे कुणीच मांडून बघितलं नव्हतं.

तर ते मांडा. समजा पुण्यात ६० लाखांचा अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट आहे. कर्ज ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंत असेल तर बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे १२ लाख आपले. शिवाय ६० लाखांवर स्टॅम्प ड्युटी सगळे सेस धरून ७ टक्के, ४ लाख २० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार, याच्या वर ते जात नाही. जीएसटी ५ टक्के, ३ लाख. झाले साडेएकोणीस लाख, आणि आपण काय धरून बसलेलो असतो, २० टक्के जमले की झालं! स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन बँक कर्जात धरत नाही, जीएसटी काही बँका धरतात, तेवढं विचारून घ्या. ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट असेल तर जीएसटी शून्य, म्हणून रिसेलवाला दोन लाख जास्त सांगतोय म्हणून लगेच उठून येऊ नका.

आता एरियाप्रमाणे काय बदलतं ते बघा. मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, ठाण्या-पुण्यात ७ (मुंबईकरांना स्वस्त मिळालेली बहुतेक ही एकच गोष्ट). घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, नवरा-बायको जॉइंट नावावर असेल तर नाही. ४५ लाखांपर्यंतच्या घराला जीएसटी १ टक्काच लागतो पण कार्पेटची (घराच्या आतल्या वापरायच्या जागेची) अट आहे, आणि अख्खं एमएमआर (मुंबई महानगर प्रदेश) म्हणजे बदलापूरसुद्धा मेट्रो धरलंय त्यामुळे तिथे मर्यादा ६० चौरस मीटर, पुणे त्या यादीतच नाही म्हणून तिथे ९०. बरं, स्टॅम्प ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने त्या एरियासाठी ठरवलेला रेट) यात जी जास्त असेल तिच्यावर लागते, तो रेट आयजीआरच्या (राज्याच्या नोंदणी-मुद्रांक खात्याच्या) साइटवर फुकट बघता येतो, बघून जा.

बँकेचं सँक्शन लेटर हातात आल्याशिवाय टोकन (बुकिंगचे आगाऊ पैसे) देऊ नका. हे मी शहाणपणाने नाही, पोळल्यावर सांगतोय. सेल्सवाला म्हणाला हा फ्लोर आज संध्याकाळी जाईल, मी तिथेच उभ्या उभ्या ५१ हजार ट्रान्सफर केले आणि नंतर कळलं की एका जुन्या क्रेडिट कार्डाचे थकलेले नऊशे रुपये सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या रेकॉर्डमध्ये) बसलेत. कर्ज कमी मंजूर झालं, टोकन परत यायला चार महिने गेले. हप्त्याचा ढोबळ हिशोब डोक्यात ठेवा, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांना लाखामागे ८६८ रुपये, म्हणजे वरच्या ४८ लाखांना महिना साडेएक्केचाळीस हजारांच्या वरच.

कागदांचं थोडक्यात सांगतो कारण वकील लागणारच आहे, त्याची फी वाचवू नका. महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून प्रोजेक्टची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघा, आणि रजिस्टर्ड करार होण्याआधी बिल्डरने १० टक्क्यांच्या वर मागितले तर सरळ नाही म्हणा. रिसेल असेल तर इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा उतारा), ओसी, सोसायटीची एनओसी. म्हाडाची लॉटरी भरायची असेल तर डोमिसाईल आत्ताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ होते.

मग जागेवर जा, आणि रविवारी नको. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर आहे, सोमवारी सकाळी पावणेआठची गर्दी एकदा स्वतःच्या अंगावर घ्या मग ठरवा. नदीच्या बाजूला स्वस्त मिळत असेल तर पूररेषा विचारा, जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती ती उगाच नाही. पुण्याच्या कडेला बघत असाल तर मे महिन्यात जा आणि सेल्स ऑफिसला नाही, शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा दिवसाला टँकर किती येतात.

आणि पिशवीत मेजर टेप टाका. रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाल्कनी नाही. आम्ही पाहिलेल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बेडरूम छान ऐसपैस वाटत होती, बायकोने टेप लावला तर पलंग साडेपाच फूट लांब निघाला, आणि खोलीला दारच लावलेलं नव्हतं.