चोक्वे मुखवटे आणि कोरीव वस्तू पाहताना या चुका टाळा

अंगोलाचा ईशान्य भाग, त्याला लागून काँगोचा दक्षिण पट्टा आणि झांबियाचा पश्चिमेकडचा काही प्रदेश हा चोक्वे लोकांचा मुलूख. त्यांच्या कोरीवकामाचे फोटो हल्ली सहज दिसतात, पण त्याखाली काहीही लिहिलेलं असतं. म्हणून हे सांगावंसं वाटलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भिंतीवर टांगलेल्या लाकडी चेहऱ्यालाच अख्खा मुखवटा समजणं. ‘प्वो’ घ्या. अर्धमिटले डोळे पाहून लोक त्याला मेलेल्या बाईचा चेहरा म्हणतात. प्वो ही कुळाची पूर्वज स्त्री, ‘म्वाना प्वो’ म्हणजे तरुण मुलगी. हे सोंग नाचवतो पुरुष. अंगात धाग्यांचा विणलेला घट्ट पोशाख, त्यावर लाकडी स्तन, डोक्यावर बायकांसारखी केशरचना. मुखवट्याच्या कडेने बारीक भोकांची रांग दिसते, तिथे हा बाकीचा साज बांधलेला असायचा. ती भोकं पाहिली की हातात अर्धीच वस्तू आहे हे लक्षात येतं. कारागीर एखाद्या खऱ्या सुंदर स्त्रीचं रूप मनात धरून चेहरा कोरायचा आणि नर्तक त्याला वधूमूल्य म्हणून धातूचं कडं द्यायचा, जणू मुखवट्याशी त्याचं लग्नच लागलं. नर्तक वारला की मुखवटाही बऱ्याचदा त्याच्यासोबत पुरला जाई.

प्वोच्या डोळ्यांखालच्या रेघांना चोक्वे भाषेत ‘मासोजी’, म्हणजे अश्रू म्हणतात. त्यावरून ‘गुलामगिरीचं दुःख’ वगैरे लिहू नका. चोक्वे बायका अंगावर गोंदवून घेत, त्यातलीच ही एक नक्षी. कपाळावरच्या फुलीचंही तसंच. ती पोर्तुगीजांनी आणलेल्या क्रूसाच्या पदकांवरून आली असं काही अभ्यासक मानतात, पण म्हणून मुखवटा ख्रिस्ती होत नाही.

जुनं लाकूड तेवढंच अस्सल, हाही गैरसमज. मुलांच्या सुंतेच्या विधीला, ‘मुकांदा’ला, जी सोंगं येतात त्यातली कित्येक काटक्यांच्या सांगाड्यावर झाडाच्या सालीचं कापड आणि राळ चढवून करतात. विधी संपला की ती जाळतात, म्हणून संग्रहात कमी दिसतात.

सरदारांच्या खुर्च्यांना ‘पोर्तुगीज नक्कल’ म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. चामड्याची बैठक, पितळी खिळे हा घाट युरोपातून आला हे खरं. गोव्यातल्या जुन्या घरांतल्या खुर्च्या पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. पण वाकून पायांमधल्या आडव्या दांड्या पाहा. धान्य कांडणाऱ्या बायका, ओझी वाहणारी माणसं, मुकांदाची सोंगं, सगळं गावच तिथे बोटभर उंचीत उभं असतं. पायांमधली ही जागा चोक्वे कारागिरांनी आपली करून घेतली.

रुंद हातापायांचा, दोन्ही बाजूंनी वळलेलं भव्य शिरोभूषण घातलेला पुरुष दिसला तर ‘आदिवासी देव’ लिहून मोकळे होऊ नका. तो बहुधा चिबिंदा इलुंगा, लुंडा लोकांच्या राणी ल्वेजीशी लग्न केलेला, लुबा लोकांतला शिकारी राजपुत्र. आणि डोकं हातांत धरून बसलेला अंगोलाचा ‘पेन्सादोर’, म्हणजे विचारवंत, हजारो वर्षांपूर्वीचा नाही. त्याचं मूळ भविष्य सांगणाऱ्याच्या टोपलीतल्या चिमुकल्या बाहुल्यांत आहे, पण आजचं रूप विसाव्या शतकातलं, ईशान्य अंगोलातल्या दुंदो गावच्या संग्रहालयाच्या कार्यशाळेत घडलेलं.

माहिती शोधताना काहीच सापडत नसेल तर नाव बदलून पाहा. पोर्तुगीज नोंदींत हेच लोक ‘कियोको’, बेल्जियन नोंदींत ‘त्शोक्वे’ किंवा ‘बाजोक’ आहेत.

विकत घेणार असाल तर काळपट चकाकीवर भाळू नका, ती रंग आणि धुराने आठवड्यात चढवता येते. वस्तू कुठून, कोणाकडून आली याचा कागद मागा. अंगोलातल्या यादवीच्या काळात दुंदोच्या संग्रहातल्या वस्तू चोरीला जाऊन परदेशी बाजारात पोचल्या. त्यांतला एक प्वो मुखवटा 2016 साली अंगोलाला परत मिळाला. कागद नसेल तर वस्तू तिथेच ठेवा.