केज वाइंडरच्या सेफ्टीवर नवीन असाल तर मी जिथे फसलो ते आधी वाचा

वाइंडर (खाणीच्या उभ्या शाफ्टमध्ये केज वर-खाली करणारं यंत्र), ड्रम (ज्यावर रोप गुंडाळतो), हेडगिअर (शाफ्टवरचा मनोरा), केज (माणसं नेणारा पिंजरा) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरूनच लिहितोय, ट्रेनिंगमध्ये ते झालेलं असतं. मला सांगायचंय ते ट्रेनिंगनंतरच्या पहिल्या दोन वर्षांबद्दल. तेव्हा चेकलिस्ट तुमच्या हातात येते, खाली सहीला जागा असते, आणि वाटतं की प्रत्येक ओळीवर टिक केली म्हणजे केज सेफ झाला. मलाही असंच वाटायचं आणि त्याच समजुतीने मी एकदा चुकीची सही केली. त्या सहीचं पुढे सांगतो, आधी थोडं बाकीचं.

नवीन माणूस बहुतेक वेळा सगळी डिव्हाइस एका यादीत पाठ करतो. डिटॅचिंग हुक, ओव्हरस्पीड, ओव्हरवाइंड (केज हद्दीपेक्षा वर जाणं), स्लॅक रोप (रोप ढिला पडणं), सेफ्टी कॅच, ब्रेक. मीही पाठ केली होती. पण ओरलला (तोंडी परीक्षेला) मला पहिलाच प्रश्न आला, डिटॅचिंग हुक कधी उपयोगाचा नाही? आणि मी गप्प. हुक कसा काम करतो ते मी छान सांगू शकलो असतो, केज जास्त वर ओढला गेला की हुक बेलमध्ये (हेडगिअरमधल्या घंटेसारख्या कड्यात) शिरतो, पट्ट्या दाबल्या जातात, तांब्याची पिन कापली जाते, रोप सुटून जातो आणि हुकचे खांदे बेलवर बसून केज तिथेच लटकतो. १८६० च्या दशकात ऑर्मेरॉडने हा हुक आणला आणि मूळ कल्पना अजूनही तीच आहे. पण तो रोप तुटण्यापासून वाचवत नाही, केज खाली तळाला जोरात गेला तर वाचवत नाही, आणि फुल स्पीडने वर गेला तर हुक सुटेल, पण केजचं काय होईल ते विचारू नका. म्हणून प्रत्येक डिव्हाइसजवळ उभं राहून एकच प्रश्न विचारा, हे नेमकं कोणत्या चुकीसाठी आहे आणि कोणत्या चुकीसाठी नाही. दुसरा अर्धा भाग कोणी शिकवत नाही, तो स्वतः काढावा लागतो.

सेफ्टी कॅचचंही तेच. रोप तुटला की दात किंवा वेज गाइडला (केज ज्यांच्या आधाराने सरकतो त्यांना) धरतात आणि केज थांबतो. लाकडी गाइड असतील तर दात रुततात, स्टील रेल असेल तर वेगळी रचना लागते, आणि गाइडच वायर रोपचे असतील तर धरायला तसं घट्ट काही नसतंच. कॅच बसवलेत म्हणून निर्धास्त होऊ नका, तुमच्या शाफ्टमध्ये गाइड कोणते आहेत ते जाऊन बघा. अमेरिकेत कोळसा खाणीच्या नियमात कॅचची चाचणी दर दोन महिन्यांनी सांगितली आहे, ती उगीच नाही, गंजलेली स्प्रिंग बाहेरून चांगलीच दिसते. शिवाय कॅच नको तेव्हा लागले तर तेही धोक्याचं, चालता केज अचानक अडकला तर आतल्या माणसांना बसणारा हिसका कमी नसतो.

आता माझी चूक. हे लांबणार आहे, पण लांबू दे, कारण नवीन लोक नेमके इथेच फसतात असं मला मनापासून वाटतं.

रोपचं कॅपिंग, म्हणजे केजला जोडणारं टोकाचं सॉकेट, ठराविक काळाने नव्याने करतात हे माहीत असेलच. केजकडचं टोक कापायचं, सॉकेटजवळच्या तारा थकलेल्या असतात, तो तुकडा तपासणीला जातो आणि नवं कॅपिंग होतं. आमच्याकडे त्या दिवशी साधारण दोन मीटर रोप कापला गेला. कॅपिंग झालं, केज जोडला, आणि मला सांगितलं की कंट्रोलर (केजची जागा आणि वेग चुकला तर ब्रेक लावणारं यंत्र) चेक करून सही कर, पुढच्या शिफ्टची माणसं उतरायचीत. मी कंट्रोलरजवळ गेलो, ओव्हरवाइंडचा कॅम (ठराविक जागी कॉन्टॅक्ट उघडणारा भाग) हाताने उचलला, कॉन्टॅक्ट उघडला, ब्रेकर पडला, ब्रेक लागला. ओव्हरस्पीडची ट्रिपही (आपोआप थांबवणं) घेतली, तीही बरोबर. केज कुठे आहे ते दाखवणाऱ्या डेप्थ इंडिकेटरचा काटा बँकवर (जमिनीवरच्या थांब्यावर), केजही बँकवर. सगळं ओके म्हणून सही केली.

आमच्या एका सीनियर फोरमननी रजिस्टर बघितलं आणि एवढंच विचारलं, "तू काय तपासलंस?" मी म्हटलं ओव्हरवाइंड. ते म्हणाले, "कॉन्टॅक्ट तपासलास. केज किती वर गेल्यावर तो उघडतो ते तपासलंस का?" मला प्रश्नच कळला नाही, खरं सांगतो. मग त्यांनी मला हेडगिअरवर पाठवलं, हातात खडू आणि टेप, रिकामा केज बँकच्या वर एकदम सावकाश चढवायला लावला आणि ट्रिप कुठे येते तिथे खूण करायला सांगितली. आधीची रंगाची खूण तिथे होतीच. ट्रिप तिच्यापेक्षा जवळपास दोन मीटर वर आली. माणसं उतरायला अजून पाऊण तास होता.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या. कंट्रोलरला केज दिसत नाही. त्याला फक्त ड्रम किती फिरला ते कळतं, गिअर आणि फिरत्या दांड्यांमधून. ड्रम इतका फिरला म्हणजे केज इतका वर आला, हा त्याचा हिशोब रोपच्या लांबीवर उभा आहे. टोकाकडून दोन मीटर कापलेत की ड्रमच्या त्याच जागेला केज दोन मीटर वर असतो, आणि कंट्रोलर जुन्याच हिशोबात चालतो. आता तुम्ही विचाराल, मग काटा बरोबर कसा? कारण ड्रायव्हरला केज बँकवर नीट थांबवायचा असतो, म्हणून कॅपिंगनंतर काटा सरकवून घेतला होता आणि ड्रमवरची खडूची खूणही नवी मारली होती. काटा हलला, कॅम हलला नाही. दोघं एकाच गिअरवर चालत असले तरी काटा वेगळा सैल करून फिरवता येतो. म्हणजे बघणाऱ्याला सगळं जागेवर, लँडिंग बरोबर, ड्रायव्हर खूश, कॉन्टॅक्ट चालू, ब्रेक चालू, आणि तरी संरक्षण दोन मीटर उशिरा.

दोन मीटर म्हणजे किती, हा हिशोब मी त्याच रात्री वहीत केला आणि तुम्हीही तुमच्या वाइंडरचे आकडे घालून करा. समजा केज ४ मीटर प्रति सेकंदाने बँक ओलांडून ट्रिपवर आला. ब्रेक लागायला अर्धा सेकंद, त्यात २ मीटर गेले. मग २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने वेग उतरला तर वेगाचा वर्ग भागिले दुप्पट दर, १६ भागिले ५, म्हणजे ३.२ मीटर. एकूण ५.२ मीटर. ट्रिपपासून बेलपर्यंत ६ मीटर असतील तर केज थांबतो. त्यातले २ कापलेल्या रोपने खाल्ले तर ४ उरतात, आणि केज बेलमध्ये जातो. हाच हिशोब १२ मीटर प्रति सेकंदाला केला तर ६ अधिक २८.८, जवळपास ३५ मीटर होतात, इतकी मोकळी जागा हेडगिअरमध्ये कुठून आणणार. म्हणूनच नुसता वरचा स्विच पुरत नाही, कंट्रोलरने बँक जवळ येताना वेग आधीच उतरला आहे की नाही ते बघायचं असतं. आणि तेही तो ड्रमच्याच हिशोबाने बघतो, म्हणजे हिशोब चुकला की सगळी वेगाची मर्यादासुद्धा चुकीच्या जागी सरकते.

उलटंही होतं. नवा रोप सुरुवातीचे काही दिवस ताणतो, लांब होतो, मग केज तळाला कंट्रोलरच्या समजुतीपेक्षा लवकर पोचतो. तेव्हा वरची बाजू ठीक आणि खालची बिघडलेली. दोन केज आणि क्लचचा (वेगळा सोडवता येणारा) ड्रम असेल तर आणखी लक्ष द्या, क्लच काढून एका ड्रमला सरकवलं की कोणता कॅम कोणत्या ड्रमवरून चालतो ते आधी माहीत हवं. मला ते शिकायला महिना लागला, ड्रॉइंग समोर घेऊन, आणि त्या महिन्यात मला सारखं वाटायचं की हे काम आपल्याला जमणार नाही. जमतं. फक्त कागदावर जमत नाही, हेडगिअरवर चढूनच जमतं.

तर कॅपिंग, रोप बदल, क्लच ॲडजस्टमेंट, यातलं काहीही झालं की हाताने कॅम उचलून समाधान मानू नका. रिकामा केज, सावकाश वेग, प्रत्यक्ष ओव्हरवाइंड, दोन्ही केज, आणि रजिस्टरमध्ये "ओके" नाही, ट्रिप बँकच्या किती मीटर वर आली तो आकडा. आकडा लिहिला की पुढच्या माणसाला फरक दिसतो, "ओके"मध्ये काहीच दिसत नाही. हेडगिअरमध्ये केजनेच उघडणारा वेगळा स्विच असेल, तर तो खरा साक्षीदार, त्याला ड्रमचा हिशोब लागत नाही. त्याची चाचणी वेगळी घ्या, दोघांना एकत्र टिक करू नका.

फ्रिक्शन वाइंडरवर जाणार असाल तर ही भानगड रोजचीच आहे. त्यात, म्हणजे कोपेच्या पद्धतीत, रोप चाकावर नुसता टेकलेला असतो, तो थोडा थोडा सरकतोच, म्हणून शाफ्टमधल्या स्विचवरून डेप्थ पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ती जुळवणी होतेय का आणि प्रत्येक फेरीत किती फरक काढतेय ते बघा, फरक अचानक वाढला तर रोप घसरला आहे. इथे डिटॅचिंग हुक शोधू नका, एका बाजूचा रोप सोडला तर दुसऱ्या बाजूचा केज खाली जाईल, म्हणून इथे वर आणि तळाला हळूहळू जाड होत जाणाऱ्या गाइडमध्ये केज आवळून थांबवतात. आणि ब्रेक जास्त जोरात म्हणजे जास्त सेफ, हे डोक्यातून काढा. घर्षण गुणांक ०.२५ आणि अर्धा वेढा धरला तर दोन बाजूंच्या ताणाचं गुणोत्तर २.१९ च्या आसपास गेलं की रोप घसरतो. ब्रेक जितका कडक तितकं ते गुणोत्तर वाढतं. इमर्जन्सी ब्रेक किती कडक ठेवायचा याला वरूनही मर्यादा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर मार्कहॅम वाचा. ३० जुलै १९७३, इंग्लंडमधली कोळसा खाण, ब्रेकच्या स्प्रिंगमधला मधला रॉड थकून तुटला, मेकॅनिकल ब्रेकच गेला आणि केज तळाला आदळून १८ माणसं मेली. स्प्रिंगचा ब्रेक फेलसेफ असतो असं आपण पाठ करतो, करंट गेला तरी लागतो वगैरे, पण सगळं बळ एकाच रॉडमधून जात असेल तर त्या रॉडला फेलसेफ काय? तुमच्या ब्रेकमध्ये असा एकटा भाग कोणता ते शोधा आणि त्याची क्रॅक टेस्ट शेवटची कधी झाली ते विचारा. उत्तर देताना कोणी चिडलं तर चिडू दे.

स्लॅक रोपवर थोडंच सांगतो पण हलकं घेऊ नका. खाली जाणारा केज गाइडमध्ये अडकला आणि ड्रम फिरत राहिला तर रोपची वेटोळी पडतात, मग केज सुटला तर मोकळा पडतो. पाच मीटर ढील असेल तर रोप ताठ होईपर्यंत वेग जवळपास १० मीटर प्रति सेकंद होतो, आणि मग जो झटका बसतो तो सोसायला रोप बनवलेला नसतो. म्हणून स्लॅक रोप स्विच उगाच ट्रिप देतो म्हणून बायपास करणारे लोक मला अजिबात सहन होत नाहीत. स्विच उगाच ट्रिप देत नाही, एकतर तो चुकीच्या जागी बसवलाय किंवा केज खरंच कुठेतरी घासतोय. दोन्ही शोधायच्या गोष्टी आहेत. बायपासची चावी ज्याच्या खिशात कायम असते त्या माणसाकडून काम शिकू नका, तो कितीही हुशार असला तरी. आणि जो सीनियर तुमच्या प्रश्नाला लगेच उत्तर न देता तुम्हाला वर चढवतो त्याला धरून राहा, त्याचा राग आला तरी.

गेट आणि स्टॉप ब्लॉक (रुळावरची गाडी शाफ्टमध्ये जाऊ न देणारा अडथळा) हे नवीन लोकांना केजचा भाग वाटतच नाहीत. १० मे १९९५ ला दक्षिण आफ्रिकेत वाल रीफ्सच्या खाणीत एक लोको (खाणीतलं इंजिन) शाफ्टमध्ये पडला आणि शाफ्टमधल्या केजवर आदळला, १०४ माणसं गेली. रोप, ब्रेक, कंट्रोलर सगळं चोख असतं तरी काही उपयोग नव्हता. त्यामुळे राउंडला निघालात की प्रत्येक लेव्हलच्या गेटचं इंटरलॉक आणि रुळावरचा स्टॉप ब्लॉक केजच्या यादीतच धरा.

आता घाबरलेल्यांसाठी. ही सगळी डिव्हाइस एकमेकांच्या मागे उभी आहेत, एक चुकलं तर दुसरं, आणि माझी ती सही पकडली गेली तीही याच कारणाने, माझ्यामागे दुसरा माणूस उभा होता. पहिल्या वर्षी तुम्हाला सगळं येणार नाही आणि कोणी तशी अपेक्षाही धरत नाही. कळलं नाही तर सही थांबवा, शिफ्ट उशिरा उतरू दे. वरून फोन येतील, आवाज चढेल, पण "मी मोजलं नाही" हे वाक्य मी तेव्हा बोलू शकलो नाही, ते बोलायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी विचारून वहीत लिहा: शेवटचं कॅपिंग कधी झालं आणि किती रोप कापला, त्यानंतर कॅम हलवला का, आणि हेडगिअरवरची ट्रिपची खूण कोणी, कोणत्या तारखेला मारली. तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही तर टेप घेऊन वर जा.