माइक हातात आला की पाय लटपटतात? हे करून पाहा

पहिल्यांदा ग्रामसभेत उभा राहिलो तर हातातला कागद असा फडफडला की एक बुढा म्हणे, "पंखा बंद करा रे, पोराचा कागद उडून रायला." पंखा बंदच होता. तोंडाला कोरड, पांदणीचा, म्हणजे शेतात जायच्या रस्त्याचा, मुद्दा पोटातच राहिला न् मी खाली बसलो.

आता हे काही भित्रेपण नाही, अंगात अॅड्रेनालिन सुटतं म्हणून काळीज धडधडतं, लाळ आटते, हात थरथरतात. श्वास सोडताना ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं: नाकानं ४ मोजत घ्या, ६ ते ८ मोजत सोडा, रोज सकाळी पाचेक मिनिटं, मधात कोंडून धरू नका. मग भ्रामरी. कानाच्या भोकापुढचा मऊ तुकडा बोटानं हलकेच दाबून, तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज काढायचा, सात-आठ वेळा. सिंहासनही करा, जीभ बाहेर काढून "हाऽऽ" करत श्वास सोडायचा, जबडा मोकळा होतो, घरचे हसतात (हसू द्या, तीही प्रॅक्टिसच). ताडासन उभं राहण्यासाठी, दोन्ही पायांवर सारखं वजन. सभेत तोंड उघडायच्या आधी टाचा नीट टेकल्या का तेवढं बघा.

माझी खरी गोची मात्र भाषेत होती. "सन्माननीय व्यासपीठ" वगैरे पाठ करून गेलो होतो, एक शब्द निसटला की पुढचं सगळं गायब. घरी बोलता तसंच बोला ना, वऱ्हाडीत! गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडीतच समोरच्यांना प्रश्न विचारायचे, लोक उत्तरं द्यायचे. हीच युक्ती घ्या, सुरुवातच प्रश्नानं करा, कारण लोक उत्तर देतात तेवढ्यात आपल्याला श्वास सोडायला वेळ मिळतो.

आधी धुऱ्यावर उभं राहून कपाशीसमोर मोठ्यानं बोला, ती काही नावं ठेवत नाही. मग पानठेल्यावर दोघा-तिघांत, मग भजन मंडळात.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी पुन्हा उठलो, कागद खिशातच ठेवला. पाय लटपटतच होते, खोटं कशाला बोलू. विचारलं, "काहो, पावसात आपल्या पांदणीनं बैलबंडी जाते काय?"

मागून चार-पाच जण एकदमच, "कुठं जाते बावा!"

तेवढ्यात मी श्वास सोडून घेतला.