गावाचा मूकपट: आवाज दिसला पाहिजे

खानदेशातल्या आपल्या गावावर मोबाइलवर पाच मिनिटांचा मूकपट करायचा, तर त्यात अख्खं गाव कोंबू नका. सकाळचे दोन-अडीच तास आणि तीनच ठिकाणं पुरे: चहाची टपरी, केळीची गाडी भरणारे मजूर, भरिताची चूल. हंगाम थंडीचा धरा. भरिताची वांगी तेव्हाच चांगली मिळतात, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात मोबाइल तापून कॅमेराच बंद पडतो.

मोबाइल एअरप्लेन मोडवर, स्टँडवर. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५, शटर (एक चित्र किती वेळ उजेड घेतं) १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/६० राहिलं तर ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात. उन्हात १/५० ला चित्र पांढरं पडतं, तिथे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा. ऑटोवर असलं की जाळ भडकताच आजूबाजूचं सगळं काळं होतं. प्रत्येक शॉट दहा सेकंद, झूम नाही. पडद्यावर सरासरी पाच सेकंद राहिले तरी साठ शॉट लागतात; दुप्पट घ्या.

खरी मेहनत आवाजाची. पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजतात, साल काढतात, मग लाकडी भांड्यात ठेचतात. ठेचण्याचा ठोका ऐकू येणार नाही, म्हणून शेजारी काठोकाठ पाणी भरलेली वाटी ठेवा आणि फक्त तिचा शॉट घ्या: ठोका पडतो, पाणी थरथरतं. मग मनगट, मग तोंड चुकवणारी बाई, कारण मिरचीचा ठसका. रेल्वेगाडीची शिट्टी दाखवायची तर टपरीवरच्या तिघांच्या माना एकाच वेळी वळू द्या. इंजिन दाखवायची गरज नाही (फलाटावर चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागतेच).

संकलनात कट हालचालीच्या मध्यावर मारा: हात वर गेला दूरच्या शॉटमध्ये, खाली आला जवळच्यात. हात थांबल्यावर कापलं की झटका बसतो. जुन्या मूकपटांसारखी पळती गती मुद्दाम देऊ नका. ते साधारण १६-१८ फ्रेमने चित्रित झालेले, पुढे २४ ने दाखवले गेले, म्हणून माणसं धावतात.

पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या पाट्या सहा-सातच. मजकूर सावकाश दोनदा वाचायला लागेल तेवढा वेळ द्या. संवाद असेल तर खानदेशच्या अहिराणी बोलीत, आणि ती बोलणाऱ्याकडून तपासून. काही अॅपमध्ये ‘ऱ्ह’ फुटतो, वेलांटी भलतीकडे जाते. पाटी वेगळी तयार करून चित्र म्हणूनच टाका. शेवटी कॅमेऱ्यातले सगळे ध्वनी ट्रॅक पुसा. नुसते म्यूट केलेले कधीकधी एक्स्पोर्टमध्ये परत येतात.