सीसी खात्याचा डीपी काढताना या चुका टाळा

कॅश क्रेडिट (सीसी) खातं, म्हणजे माल आणि उधारीच्या तारणावरचं खेळत्या भांडवलाचं कर्ज, बिघडलं की मंदीकडे बोट दाखवलं जातं. पण कित्येक खात्यांत बँकेचं तारण त्याआधीच कमी पडलेलं असतं, आणि ते शाखेत भरलेल्या ड्रॉइंग पॉवरच्या (डीपी, म्हणजे तारणाच्या जोरावर त्या वेळी उचलता येणारी कमाल रक्कम) चुकीच्या आकड्यामुळे कुणाला दिसलेलं नसतं. पार्टी, म्हणजे कर्जदार, महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट आणून देते, अधिकारी त्यातल्या स्टॉक आणि डेटर्सच्या (ग्राहकांकडून यायच्या रकमांच्या) बेरजा उचलतो, मार्जिन (कर्जदाराचा स्वतःचा वाटा) कापतो आणि डीपी फीड करतो. गफलत इथेच होते.

समजा, मस्जिद बंदरला पेढी आणि भिवंडीला गोदाम असलेल्या एका केमिकल व्यापारी कंपनीचं ४ कोटींचं लिमिट आहे. स्टॉकवर २५ टक्के आणि डेटर्सवर ४० टक्के मार्जिन. स्टेटमेंटमध्ये स्टॉक ४.२० कोटी, डेटर्स ३.१० कोटी. सरळ हिशेब केला तर ३.१५ अधिक १.८६, म्हणजे ५.०१ कोटी. लिमिटपेक्षा जास्त, म्हणून पूर्ण ४ कोटी उचलायला मोकळे.

आता तेच स्टेटमेंट नीट वाचा. स्टॉकमध्ये ३० लाखांचा माल सहा महिन्यांहून जुना आहे आणि मंजुरीपत्रात तो चालत नाही. १.१० कोटी क्रेडिटर्सचे, म्हणजे माल पुरवणाऱ्यांचे, द्यायचे आहेत. शिवाय न्हावा शेवाला उतरलेल्या मालापैकी ६० लाखांचा माल उधारीच्या एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, पैसे देण्याची बँकेची हमी) आलाय. त्याचे पैसे अजून गेलेले नाहीत आणि ती जोखीम बँकेने एलसीच्या रूपाने आधीच घेतली आहे. हे सगळं वजा केलं की पैसे चुकता झालेला स्टॉक उरतो २.२० कोटी, मार्जिननंतर १.६५ कोटी. डेटर्समधून ९० दिवसांवरचे ५० लाख, भगिनी संस्थेकडचे २० लाख आणि ज्यांची बिलं आधीच डिस्काउंट झाली आहेत, म्हणजे ज्यांवर पैसे आधीच उचलले आहेत, ते ४० लाख काढले की उरतात २ कोटी, मार्जिननंतर १.२० कोटी. खरा डीपी २.८५ कोटी. खात्यात ४ कोटींचं येणं असेल तर १.१५ कोटी आज, या क्षणी, डीपीबाहेर आहेत.

यातली सगळ्यात महागडी चूक एलसीच्या क्रेडिटर्सची. पार्टी ते ‘सन्ड्री क्रेडिटर्स’मध्ये दाखवतच नाही, ‘अ‍ॅक्सेप्टन्सेस’ (स्वीकारलेल्या हुंड्या) म्हणून वेगळ्या ओळीत टाकते. मग एकाच मालावर दोनदा कर्ज दिलं जातं. स्टेटमेंट हातात आलं की आधी आपल्याच शाखेतलं एलसीचं येणं बघा, मग पार्टीचा आकडा.

आकडा जुळवल्याशिवाय फीड करू नका

मागच्या महिन्याचे डेटर्स, त्यात या महिन्याचं जीएसटीसह बिलिंग मिळवा आणि आलेली वसुली वजा करा. उत्तर या महिन्याच्या डेटर्सजवळ यायला हवं. बिलिंग जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) मधून घ्या, वसुली आपल्या सीसी खात्याच्या क्रेडिटमधून. वसुली कमी दिसली तर पैसा दुसऱ्या बँकेत जातोय का ते विचारा. डेटर्सचे दिवस काढताना डेटर्स जीएसटीसह आणि विक्री जीएसटीविना घेतली जाते. १८ टक्के दराच्या मालात त्याने दिवस विनाकारण फुगतात आणि चांगल्या पार्टीवर शंका येते.

कंपनीची खेळत्या भांडवलाची मंजूर लिमिटं ५ कोटींच्या वर असतील तर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं हिशेबाच्या वह्यांशी जुळतात की नाही, हे कारो २०२० (कंपन्यांच्या ऑडिट अहवालाबद्दलचा सरकारी आदेश) नुसार ऑडिटरला सांगावं लागतं. फरकाचा तो तक्ता ताळेबंदासोबत येतो. रिन्यूअलच्या नोटमध्ये तो घ्याच. आयता मिळालेला पुरावा वाया घालवू नका.

गोदामात काय पाहायचं

ड्रम मोजून भागत नाही. एखादा ड्रम हलवून बघा, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख वाचा, खरेदी बिलाशी ताडा. कुणाचा माल फक्त ठेवायला आलाय का ते विचारा. नंतर विमा पॉलिसी काढा: भिवंडीच्या गोदामाचा पूर्ण पत्ता आहे का, बँकेचं नाव आहे का, पूर आणि पाणी तुंबण्याचं कव्हर आहे का. २६ जुलै २००५ पाहिलेल्या मुंबईत हे शेवटचं कलम वगळलेली पॉलिसी चालवून घेऊ नये. विमा लिमिटएवढा नव्हे, स्टॉकएवढा हवा. ४.२० कोटींच्या मालावर २.१० कोटींचा विमा असेल तर १ कोटीच्या नुकसानीला ५० लाखच मिळतात.

सीसीतून गाळा

अंधेरी एमआयडीसीत गाळा स्वस्तात मिळतोय म्हणून पार्टी सीसीतून १ कोटी देते, ‘टर्म लोन नंतर बघू’ म्हणते. चालू मालमत्ता ८ कोटी आणि चालू देणी ६ कोटी असताना करंट रेशो १.३३ होता. देणी ७ कोटी होताच तो १.१४ वर येतो. गाळा स्टॉकसारखा विकून पैसा परत येत नाही, म्हणून पुढच्या महिन्यापासून क्रेडिटर्स लांबतात आणि डीपी घसरतो. बिल्डरच्या नावाचं मोठं पेमेंट दिसलं की त्याच आठवड्यात विचारा.

चार्जबद्दल, म्हणजे तारणावरच्या बँकेच्या हक्काच्या नोंदीबद्दल, थोडक्यात: कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे ३० दिवसांत सीएचजी-१ फॉर्म भरायचा. लिमिट वाढवलं की जुना चार्जही सुधारून घ्या. इथे फार विसरतात. नजरगहाणाची (माल कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून घेतलेल्या तारणाची) सेरसाई या केंद्रीय तारण-नोंदणीतली नोंद वेगळी करावी लागते. ती नसेल तर सरफेसी या तारण-वसुलीच्या कायद्याखालची कारवाई अडते.

९० दिवसांचा हिशेब

येणं सलग ९० दिवस लिमिट किंवा डीपी, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर राहिलं तर खातं ‘आउट ऑफ ऑर्डर’. ९० दिवसांत एकही क्रेडिट नसेल किंवा आलेल्या क्रेडिटमधून त्या काळात लावलेलं व्याजही भागत नसेल, तरी तेच. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर डीपी चालू ठेवला तर ती उचल अनियमित धरली जाते. रिन्यूअल ठरलेल्या तारखेपासून १८० दिवसांत झालं नाही तर खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. वरच्या उदाहरणात डीपी २.८५ ऐवजी ५.०१ कोटी फीड केला तर सिस्टीमचं घड्याळ सुरूच होत नाही. स्टॉक ऑडिटर तो आकडा दुरुस्त करतो तेव्हा मोजणी मूळ तारखेपासून होते आणि एसएमएचे (एनपीए होण्याआधीच्या धोक्याच्या सूचनांचे) टप्पे हातातून निघून गेलेले असतात.