पटवून देणारा निबंध लिहायचाय? आधी पूर्वपक्ष मांडा

असा निबंध लिहायला बसलं की बरेच जण झोकदार पहिलं वाक्य शोधत बसतात. ते राहू द्या. आधी ठरवा, पटवायचं कोणाला? ज्याला पटलेलंच आहे त्याला निबंधाची गरज नाही आणि हट्टाला पेटलेला वाचणारच नाही. शंका असलेला, पण ऐकून घ्यायला तयार असलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवा.

आता मत एका वाक्यात लिहा. ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ हा विषय झाला, मत नव्हे. ‘शाळेत मोबाइल नको’ हे मत आहे, पण फार ढोबळ. ‘तास चालू असताना मोबाइल दप्तरात बंद असावा, मधल्या सुट्टीत वापरायला हरकत नाही’ म्हटलं की नेमकं काय हवंय ते कळतं आणि त्यावर कोणीतरी वाद घालू शकतं. ज्या वाक्याला कोणाचाच विरोध नाही, त्यावर निबंध कशाला लिहायचा?

पुढची पायरी सर्रास गाळली जाते, आणि माझ्या मते निबंध तिथेच जिंकला किंवा हरला जातो. कागदावर मधोमध उभी रेघ मारा आणि उजवीकडे विरोधी बाजू लिहा. त्या बाजूच्या माणसाने वाचून ‘हो, मला हेच म्हणायचंय’ म्हणावं, इतकी प्रामाणिकपणे. आपल्या शास्त्रचर्चेत याला पूर्वपक्ष म्हणतात. त्याचं खंडन करून मगच सिद्धांत, म्हणजे आपलं मत, मांडायचा. आपल्या उदाहरणात पूर्वपक्ष विचारेल, ‘घरी अडचण आली तर पालकांनी मुलाला गाठायचं कसं?’ याला उत्तर आहे: शाळेच्या कार्यालयात फोन केला की निरोप वर्गापर्यंत पोहोचतो. ‘तासाला मोबाइलवर शब्दकोश बघता येतो’ हे मात्र खरंच आहे. मग ते मान्य करा आणि तुमच्या वाक्यात ‘शिक्षकांनी वापरायला सांगितलं नसेल तर’ हे शब्द घाला. मत थोडं बदललं, पण आता ते सहज खोडता येणार नाही.

डावीकडे तुमची कारणं. दोन-तीन पुरेत, सगळ्यात भक्कम कारण शेवटी ठेवा. प्रत्येक कारणाला पुरावा हवा, आणि पुरावा मताशी जोडणारं वाक्यही हवं. हे वाक्य हमखास राहून जातं. ‘एका बाकावरचा स्क्रीन उजळला की मागची चार मुलं तिकडे बघतात’ हे झालं निरीक्षण. ‘म्हणजे हा एकट्या मुलाचा प्रश्न उरत नाही, म्हणून नियम सगळ्या वर्गाला हवा’ हा झाला सांधा. तो नसेल तर वाचक मनात म्हणतो, ‘बरं, मग?’

एवढं झालं की लिहायला घ्या. एका परिच्छेदात एकच कारण. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा, कारण निबंध कुठे पोहोचला हे तोवर तुम्हालाही नीट कळलेलं असतं.

मग एकदा मोठ्याने वाचा. ‘सर्वांना माहीतच आहे की’, ‘निःसंशय’ असे शब्द आले की थांबा. बहुतेक वेळा तिथे पुरावा कमी पडलेला असतो. तो शोधा, नाहीतर ते वाक्यच काढून टाका.