विषारी इंजेक्शनच्या औषधांवर लिहिताय? या चुका टाळा

अमेरिकेत एखाद्या कैद्याला विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला की आपल्याकडे दोन परिच्छेदांची बातमी येते. त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘औषधांबाबत गुप्तता पाळण्यात आली.’ बातमीदार असोत, कायद्याचे विद्यार्थी असोत की वादविवाद स्पर्धेची तयारी करणारे, बहुतेकांचा घोळ याच वाक्यापासून सुरू होतो.

गुप्त नेमकं काय, हे न सांगणं

औषधाचं नाव बहुतेक वेळा जाहीरच असतं. टेक्सास पेंटोबार्बिटल हे गुंगी आणणारं औषध वापरतं, यात काही गुपित नाही. (ते फेनोबार्बिटल नव्हे; ते फिट्सवरचं औषध, आणि ही गफलत छापून येते.) लपवला जातो तो पुरवठादार. जॉर्जियाने 2013 मध्ये कायदा करून ही माहिती राज्याचं गुपित ठरवली, टेक्सासने 2015 मध्ये विक्रेत्याची ओळख झाकली. म्हणून चार प्रश्न वेगळे ठेवा: औषध कोणतं, बनवलं कोणी, विकलं कोणी, आणि शिरेत खरोखर काय गेलं. चौथा प्रश्न विचारायचा बहुतेकांकडून राहूनच जातो.

नियमावलीत आहे म्हणजे तेच दिलं, असं धरून चालणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. ओक्लाहोमात जानेवारी 2015 मध्ये चार्ल्स वॉर्नरला मृत्युदंड दिला गेला. मृत्युदंड कोणत्या औषधांनी द्यायचा हे सांगणाऱ्या तुरुंगाच्या नियमावलीत शेवटचं औषध होतं हृदय थांबवणारं पोटॅशियम क्लोराइड. तुरुंगाच्या नोंदवहीत तेच, सिरिंजवरच्या लेबलांवरही तेच. शवविच्छेदन अहवालात मात्र रिकाम्या कुप्यांची नोंद होती, आणि त्या 12 कुप्यांवर छापलं होतं पोटॅशियम अ‍ॅसिटेट. हे बाहेर यायला ऑक्टोबर उजाडला. तेही आधी 30 सप्टेंबरला रिचर्ड ग्लॉसिप या दुसऱ्या कैद्याच्या वेळी पुन्हा अ‍ॅसिटेटच आल्याचं लक्षात आलं आणि त्याची शिक्षा ऐनवेळी थांबवावी लागली, म्हणून. नियमावली तर सगळ्यांसाठी खुली होती, तिचा उपयोग शून्य.

अ‍ॅरिझोनात जुलै 2014 मध्ये जोसेफ वुडला मरायला जवळपास दोन तास लागले. त्याला 15 डोस दिले गेले, हे नंतर मिळालेल्या नोंदींतून कळलं. तेव्हा नियमावलीचा हवाला देताना ‘नियमावलीनुसार’ हा शब्द गाळू नका, आणि शवविच्छेदन अहवाल आल्यावर बातमीकडे परत या.

‘विक्रेत्यांना धमक्या येतात म्हणून गुप्तता’ एवढंच लिहिणं

ही राज्यांची बाजू झाली. घटनाक्रम वेगळं सांगतो. सोडियम थायोपेंटल हे विषारी इंजेक्शनमध्ये वापरलं जाणारं भुलीचं औषध बनवणारी अमेरिकेतली एकमेव कंपनी हॉस्पिरा जानेवारी 2011 मध्ये उत्पादनातून बाहेर पडली. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय संघाने अशा औषधांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. राज्यांची शोधाशोध त्याआधीच सुरू झाली होती. त्यांना औषध पुरवणारा लंडनचा एक विक्रेता ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीतून धंदा करायचा. मुंबईच्या कायेम फार्मास्युटिकलने नेब्रास्का आणि साउथ डकोटाला थायोपेंटल विकलं आणि गाजावाजा झाल्यावर एप्रिल 2011 मध्ये अशी विक्री बंद केल्याचं जाहीर केलं. गुप्ततेच्या कायद्यांची लाट आली ती यानंतर. आणि उत्पादकांनाच आपला माल तुरुंगात नको असतो: 2018 मध्ये आपलं औषध वापरू नये म्हणून अल्व्होजेन ही औषध कंपनी नेवाडात कोर्टात गेली आणि मृत्युदंड थांबला. गुप्ततेमुळे दुकानदार वाचतो हे खरं, पण त्याच गुप्ततेच्या आड उत्पादकाला फसवलं जातं.

माहितीचा अर्ज फेटाळला की हात टेकणं

आपल्या माहिती अधिकारासारखा एकच कायदा तिथे सगळीकडे चालेल, असं समजू नका. केंद्राचा माहिती कायदा राज्याच्या तुरुंग विभागाला लागू होत नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. ‘पुरवठादाराचं नाव द्या’ असं थेट विचारलंत की नकार ठरलेलाच. त्यापेक्षा कागद मागा: कुपीचं लेबल, खोक्यातलं माहितीपत्रक, मुदत संपण्याची तारीख, खरेदीचं बिल, प्रत्येकासाठी वेगळी मागणी. आर्कान्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेबलं द्यायला लावली, फक्त विक्रेत्यापर्यंत पोचवतील असे क्रमांक झाकून. त्याआधी तिथल्या पत्रकारांनी अर्धवट झाकलेली लेबलं सरकारी संग्रहातल्या लेबलांशी ताडून उत्पादक शोधले होते. औषध ऑर्डरप्रमाणे बनवून देणाऱ्या फार्मसीतून आलं असेल तर कंपनीचं माहितीपत्रक मिळणारच नाही. तिथे प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल मागा.

आयडाहोत 2020 मध्ये एका प्राध्यापिकेने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अशी कागदपत्रं मिळवण्याची लढाई जिंकली. 2022 मध्ये विधिमंडळाने नवा कायदा करून ती वाट बंद केली. त्यामुळे जुना यशस्वी अर्ज नमुना म्हणून उचलण्याआधी त्या राज्यातला आत्ताचा कायदा कोणत्या सालचा आहे, ते आधी बघा.